डावीकडे वळतानाच गाडी फिरते? आधी चेसिसचा पीळ काढ

प्रश्न असा होता: टामियाचं टीटी-०२ हे रिमोटवर चालणाऱ्या छोट्या गाडीचं किट घरी बांधलं, त्यात १३.५ टर्नची (आतल्या तारेच्या वेढ्यांचा आकडा) ब्रशलेस मोटर आणि २एस लायपो (दोन सेलची लिथियम-पॉलिमर बॅटरी) टाकली, सोसायटीच्या पार्किंगमध्ये डांबरावर चालवतो. उजवीकडे वळताना गाडी मस्त जाते, पण डावीकडे वळताना थ्रॉटल दिला की मागून निसटते आणि गरगर फिरते. अ‍ॅल्युमिनियमचे आर्म (चाकं धरणारे दांडे) आणि शॉक टॉवर (शॉकची वरची टोकं जिथे बसतात ती पट्टी) घेऊ का, की मागच्या स्प्रिंग बदलू?

अरे थांब, अजून एक रुपयाही खर्च करू नकोस. तुझ्या प्रश्नातच निम्मं उत्तर आहे, ते म्हणजे "उजवीकडे मस्त जाते". स्प्रिंग, शॉकमधलं ऑइल, टायरचा कंपाउंड (रबराचा प्रकार), मागचा टो-इन (चाकांची पुढची कड किंचित आत वळलेली असणं) हे सगळं दोन्ही बाजूंना सारखं असतं, त्यामुळे त्यात चूक असती तर गाडी दोन्ही वळणांत सारखीच वागली असती, दोन्हीकडे फिरली असती किंवा दोन्हीकडे सरळ पुढे ढकलत गेली असती. एकाच बाजूला त्रास म्हणजे गाडीच्या डाव्या-उजव्या बाजूंत फरक आहे, आणि तो सेटिंगचा नसून बांधणीचा आहे. मागच्या स्प्रिंग मऊ केल्यास डावीकडे थोडं बरं वाटेल पण उजवीकडे गाडी आळशी होईल, मग तू पुढच्या बदलशील, मग ऑइल, आणि महिनाभराने गाडी कुठून कुठे आली तेच कळणार नाही. मी हे सांगतोय कारण मी हेच केलंय. माझी पहिली गाडी टीटी-०१ होती, ती एका बाजूला अशीच सुटायची, आणि मी सलग पाच-सहा रविवार स्प्रिंग आणि ऑइल बदलण्यात घालवले. शेवटी सगळे शॉक काढून व्हर्निअर लावला तर मागचा उजवा शॉक डाव्यापेक्षा जवळजवळ दीड मिलिमीटर लांब होता, खालचं प्लास्टिकचं टोक रॉडवर पूर्ण फिरवलंच गेलं नव्हतं. दोन मिनिटांचं काम होतं.

पीळ म्हणजे काय ते आधी समजून घे. डुगडुगणारं टेबल आठव, चार पायांपैकी एक आखूड असला की टेबल समोरासमोरच्या दोन तिरप्या पायांवर उभं राहतं आणि बाकीचे दोन नुसते टेकलेले असतात. गाडीला स्प्रिंग असतात म्हणून ती डुगडुगत नाही, चारही चाकं जमिनीला लागलेली दिसतात, पण वजन तिरप्या जोडीवर जास्त पडतं. डावीकडे वळताना गाडीचं वजन उजव्या चाकांवर सरकतं. आता समजा तुझ्या गाडीत पुढचं डावं आणि मागचं उजवं ही जोडी आधीच जड आहे, तर मागच्या उजव्या टायरवर प्रमाणाबाहेर भार येतो. टायरची ग्रिप भाराच्या प्रमाणात वाढत नाही, भार दुप्पट केला तर ग्रिप दुपटीपेक्षा कमीच वाढते, म्हणून एका मागच्या टायरवर सगळं ओझं आणि दुसरा हलका अशा वेळी मागची एकूण ग्रिप कमी होते आणि गाडी सुटते. उजव्या वळणात हीच गाडी गरजेपेक्षा जास्त स्थिर वाटते. तू सांगितलंस ते बरोबर हेच आहे.

तरी लगेच चेसिस उघडू नकोस, आधी स्टिअरिंग तपास, कारण खूपदा घोळ तिथेच असतो. गाडी पूर्ण डावीकडे वळवून अगदी हळू चालव आणि ती जो गोल मारते त्याचा व्यास खडूने खुणा करून टेपने मोज, मग तसाच उजवीकडे. दोन्ही आकड्यांत वीतभराचा फरक असेल तर तुझी गाडी डावीकडे जास्त वळतेय, आणि जास्त वळलेल्या चाकांवर थ्रॉटल दिला की फिरणारच. यासाठी सर्व्होचा (चाकं वळवणाऱ्या छोट्या मोटरचा) हॉर्न, म्हणजे तिच्या टोकावरचा दांडा, काढ, ट्रिम (रिमोटवर स्टिअरिंगचा मध्य सरकवायची सोय) शून्यावर ठेवून रिमोट आणि गाडी चालू कर, सर्व्हो स्वतःच्या मध्यावर आला की मगच हॉर्न बसव, आणि तरी थोडा फरक राहिला तर रिमोटच्या एंड पॉइंटमध्ये (चाक जास्तीत जास्त किती वळावं त्या मर्यादेत) दोन्ही बाजू वेगवेगळ्या कमी-जास्त करून गोल सारखे कर. बहुतेक नवीन लोक सर्व्हो बंद असताना अंदाजाने हॉर्न बसवतात आणि मग ट्रिम फिरवून गाडी सरळ चालवतात, त्याने गाडी सरळ जाते खरी पण एका बाजूचं वळणं कमी आणि दुसऱ्या बाजूचं जास्त होऊन बसतं.

गोल सारखे आले तर पुढे चल. चारही शॉक काढून ठेव आणि प्रत्येक आर्म हाताने वर उचलून सोड, तो स्वतःच्या वजनाने खाली पडला पाहिजे. एखादा आर्म मध्येच अडकला किंवा सावकाश उतरला तर तिथे पिन वाकडी आहे, किंवा भोकाच्या कडेला प्लास्टिकची कात राहिलीय, किंवा स्क्रू जास्त आवळलाय. यात अजून एक गोष्ट बघ, स्क्रूची लांबी. टामियाच्या पुस्तिकेत स्क्रूची चित्रं खऱ्या मापात छापलेली असतात, स्क्रू चित्रावर ठेवून जुळवायचा असतो, आणि ८ मिलिमीटरच्या जागी १० चा गेला की त्याचं टोक पलीकडे निघून कशाला तरी घासतं. बाहेरून काहीच दिसत नाही. स्क्रूच्या डोक्यावरची फुली जपानी मापाची असते, आपल्या हार्डवेअरच्या दुकानातला साधा फिलिप्स त्यात नीट बसत नाही, घसरतो आणि फुली खातो, म्हणून जेआयएसचा एक चांगला स्क्रू ड्रायव्हर घे. आधी बोललो की खर्च करू नकोस, पण हा एक खर्च कर. आणि प्लास्टिकमध्ये स्क्रू परत घालताना आधी हलकेच उलटा फिरव, टक् करून जुन्या आट्यात बसल्याचं जाणवतं, मग सुलटा आवळ, नाहीतर दर वेळी नवीन आटे पडतात आणि भोक सैल होतं. लॉकटाइट (स्क्रू सैल होऊ नये म्हणून लावायचा गोंद) फक्त धातूत धातू जातो तिथेच, प्लास्टिकला लागलं तर ते ठिसूळ होऊन तडकतं.

मग शॉक. तुझ्या किटमध्ये ग्रीसवर चालणारे साधे फ्रिक्शन डॅम्पर आले असतील तर ते चारही सारखे चालणं जवळजवळ अशक्य, एक अडकतो एक पळतो. टामियाचे सीव्हीए जातीचे ऑइल शॉक घेणं हा या गाडीवरचा सर्वात योग्य खर्च आहे, बेअरिंगनंतरचा दुसरा. बेअरिंग पहिला कारण किटमधल्या बुशमध्ये (बेअरिंगच्या जागी आलेल्या साध्या कड्यांमध्ये) धूळ गेली की ते झिजतात, चाक लटलट करतं, आणि लटलटणाऱ्या चाकावर कुठलंच सेटिंग टिकत नाही. ११ बाय ५ मिलिमीटरची बेअरिंग लागतात, टामियाच्या भाषेत ११५०. शॉक भरताना ऑइल काठोकाठ भर, पिस्टन सावकाश वर-खाली करून बुडबुडे काढ, दहा मिनिटं उभा ठेव, मग पिस्टन अर्ध्यावर ठेवून झाकण लाव. चारही शॉकची लांबी टोकापासून टोकापर्यंत मोज, डावा-उजवा अगदी सारखा हवा. ऑइल सिलिकॉनचंच घ्यायचं, सुरुवातीला ३५० ते ४५० सीएसटीमधलं (ऑइलच्या घट्टपणाचं माप) काहीही चालेल. आपल्याकडे बरेच जण बाइकच्या फोर्कचं ऑइल भरतात कारण ते कोपऱ्यावर मिळतं, पण पेट्रोलियमचं ऑइल सिलिकॉनची ओ-रिंग फुगवतं, रॉड जड चालायला लागतो आणि तुला वाटतं ऑइल घट्ट झालं.

आता मुख्य काम. काचवाल्याकडून १० एमएम जाड काचेचा एक तुकडा आण, गाडीपेक्षा थोडा मोठा, कडा घासून घे. काच नसेल तर ओट्याचा ग्रॅनाइटही चालतो पण आधी लेव्हल बघ. बॅटरी आणि बॉडी काढ, शॉक आणि चाकं काढ, नुसती चेसिस काचेवर ठेव आणि चार कोपरे एकेक करून बोटाने दाब. एखादा कोपरा टकटक वाजला तर चेसिसला पीळ आहे. टीटी-०२ ची चेसिस प्लास्टिकचा एक टब आहे, त्यावर पुढे-मागे गिअरबॉक्सची झाकणं आणि शॉक टॉवर स्क्रूने बसतात, आणि हे स्क्रू एका बाजूचे गच्च आणि दुसऱ्या बाजूचे नंतर असे आवळले की टब त्याच अवस्थेत पिळलेला राहतो. उपाय सोपा आहे. हे सगळे स्क्रू अर्धा-एक फेरा सैल कर, चेसिस काचेवर सपाट दाबून धर, आणि चाकाचे नट जसे तिरपे-तिरपे आवळतो तसे थोडे थोडे करून आवळ. प्लास्टिक आहे, पहिलवानी नको, स्क्रू टेकला की पाव फेरा पुरे.

मग सगळं परत जोडून, बॅटरी टाकून, बॉडी न लावता गाडी काचेवर ठेव. समोरच्या बाजूला चेसिसच्या बरोबर मध्यावर सुरीचं टोक घालून हळूहळू वर उचल. दोन्ही पुढची चाकं एकाच वेळी काच सोडली पाहिजेत. जे आधी सुटतं ते हलकं. तुझ्या गाडीत पुढचं उजवं आधी सुटेल असा माझा अंदाज आहे. मागच्या बाजूनेही हेच कर. घरात किचनचे वजनकाटे असतील, दोन तरी, तर चाकांखाली ठेवून आकडे बघ, दुसऱ्या चाकांखाली तेवढ्याच उंचीची पुस्तकं ठेव म्हणजे गाडी सपाट राहील. डाव्या-उजव्यात १०-१५ ग्रॅमचा फरक चालून जातो, पण ५०-६० असेल तर तो वळणात जाणवतोच. या गाडीत बॅटरी एका बाजूला आणि ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) व रिसिव्हर (रिमोटचे सिग्नल घेणारा) दुसऱ्या बाजूला असतात, वायर लांब ठेवून ईएससी आतबाहेर सरकवून थोडं जुळवता येतं, नाहीतर हलक्या बाजूला शिशाची चिकटपट्टी, चाकाच्या बॅलन्सिंगवाल्याकडे मिळते ती. बॅटरीचा पट्टा कसूनही चेसिस पिळते, हे पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. बॅटरी हलणार नाही एवढाच घट्ट ठेव. आणि बॉडी लावल्यावर परत एकदा बघ, चाक पूर्ण वळवून गाडी खाली दाबली की एका बाजूला बॉडी टायरला घासत नाही ना. घासत असेल तर आतल्या बाजूला काळा पट्टा उमटलेला दिसेल.

आता तू "थ्रॉटल दिला की" असं लिहिलंयस, त्यामुळे एक गोष्ट आणखी. टीटी-०२ शाफ्टवर चालते. मोटर आणि मधला शाफ्ट गाडीच्या लांबीच्या दिशेने फिरतात, म्हणून थ्रॉटल दिला की मोटर चेसिसला उलट्या दिशेने एका कुशीवर झुकवायला बघते. बेल्टवाल्या टुरिंग गाड्यांत मोटर आडवी असते म्हणून हे होत नाही, तिथे थ्रॉटलने गाडी फार तर पुढे-मागे झुकते. किटमधल्या साध्या ५४० मोटरने हा झोक इतका किरकोळ असतो की लक्षात येत नाही, १३.५ ब्रशलेसने तो दिसायला लागतो. हे वेगळं काढायचं असेल तर असं कर: डाव्या वळणात शिरण्याआधीच थ्रॉटल सोड आणि गाडी नुसती वाहत जाऊ दे. तरीही फिरत असेल तर पीळ किंवा स्टिअरिंग, नुसती वाहताना दोन्हीकडे सारखी जात असेल आणि थ्रॉटललाच सुटत असेल तर शाफ्टचा झोक आणि डिफरन्शिअल (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर). मला वाटतं तुझ्याकडे दोन्ही थोडं थोडं आहे. शाफ्टचा झोक पूर्ण जात नाही, तो या चेसिसचा स्वभाव आहे, पण ईएससीमधला पंच (ताकद किती झटक्यात येते ते सेटिंग) दोन-तीन पायऱ्या खाली आण, रिमोटमध्ये थ्रॉटलला थोडा एक्स्पो (सुरुवातीला थ्रॉटल हळू वाढेल असं सेटिंग) दे, आणि बोट हळू दाबायची सवय लाव, मग तो त्रास देत नाही.

डिफरन्शिअलबद्दल. किटमधला डिफ नुसत्या ग्रीसवर असतो, अगदी मोकळा. वळणात आतलं चाक हलकं होतं आणि मोकळा डिफ सगळी ताकद त्याच हलक्या चाकाला देऊन टाकतो, ते नुसतं घुमतं. पुढच्या डिफमध्ये टामियाचं अँटी-वेअर ग्रीस भर, ते जाड चिकट असतं, आणि मागचा बराच मोकळा ठेव. पुढचा घट्ट झाला की थ्रॉटल दिल्यावर पुढची चाकं गाडीला ओढून सरळ करतात, मागून फिरणं कमी होतं, बदल्यात थ्रॉटल सोडून वळणात शिरताना स्टिअरिंग थोडं कमी मिळतं. मागचा घट्ट केलास तर उलटं होईल, गाडी थ्रॉटलला अजून जास्त फिरेल. तपासायला शाफ्ट धरून ठेव आणि एक पुढचं चाक हाताने फिरव, दुसरं उलटं फिरलं पाहिजे पण बोटाला विरोध जाणवला पाहिजे.

टायरचं लवकर आटपतो कारण याच्यावर सगळेच बोलतात. किटचे टायर डांबरावर कडक पडतात. रबरी टायर घेताना आकडा बघ, सोरेक्स कंपनीच्या टायरमध्ये २४, २८, ३२, ३६ असे येतात, आकडा जेवढा मोठा तेवढा तापलेल्या रस्त्यासाठी. एप्रिलमध्ये दुपारी आपलं डांबर हाताला चटका देतं, तिथे २४ लावलास तर दहा मिनिटांत तो लोण्यासारखा होईल, ३६ घे. पण चारही टायर एकाच वेळी बदल, एक नवा एक जुना असं करू नकोस, व्यासात एक मिलिमीटर फरक पडला की आपण आत्ता काढलेला पीळ परत आलाच समज. चिकटवताना रिमची कड आणि टायर दोन्ही आधी नीट पुसून घे, सुपरग्लू बेताने, पूर्ण गोल. एका बाजूने सुटलेला टायर वेगात फुगतो आणि गाडी एका अंगाला खेचते.

आता अ‍ॅल्युमिनियम. मला माहितीये निळे चकचकीत पार्ट बघून हात शिवशिवतात, पण आर्म आणि शॉक टॉवर अजिबात घेऊ नकोस. पार्किंगमध्ये गाडी कर्बला आपटणारच. प्लास्टिकचा आर्म वाकतो आणि परत जागेवर येतो, फारच जोरात लागलं तर तुटतो आणि तुटलेला दिसतो. अ‍ॅल्युमिनियमचा आर्म अर्धा अंश वाकतो आणि तसाच राहतो, डोळ्यांना दिसत नाही, आणि तू परत हाच प्रश्न विचारशील की गाडी एकाच बाजूला का फिरते. शिवाय धक्का आर्मने घेतला नाही तर तो पुढे चेसिसच्या भोकांकडे जातो, आर्म स्वस्त आहे, चेसिस नाही. अ‍ॅल्युमिनियम कुठे घ्यावं तर मधला शाफ्ट, कारण प्लास्टिकचा शाफ्ट ब्रशलेसच्या ताकदीने थरथरतो, आणि मोटर माउंट, कारण तो मोटरची उष्णता ओढून घेतो. स्टिअरिंगचा बेअरिंगवाला सेट पण चांगला, तिथला ढिलेपणा जातो. बस, एवढंच.

गिअरिंगचं तू विचारलं नाहीस पण विचारशील. किटमध्ये ७० दातांचा स्पर (मोठा गिअर) आणि २२ चा पिनिअन (मोटरवरचा छोटा गिअर) असतो आणि आतल्या गिअरचा रेशो २.६, म्हणजे ७० भागिले २२ गुणिले २.६, येतात ८.२७. टायर ६३ मिलिमीटरचा धरला तर घेर १९८ मिलिमीटर. तुझी मोटर समजा ३००० केव्हीची, म्हणजे दर व्होल्टला मिनिटाला ३००० फेरे, तर ७.४ व्होल्टला २२,२०० फेरे मिनिटाला, भागिले ८.२७, गुणिले घेर, ताशी साधारण ३२ किलोमीटर निघतात. ते कागदावर, रस्त्यावर त्यापेक्षा कमीच. स्पीड ट्यून्ड गिअरमध्ये ६८ चा स्पर आणि २९ चा पिनिअन लावला की रेशो ६.१ होतो आणि तोच हिशेब ४३ वर जातो. पार्किंगएवढ्या जागेत त्याचा काही उपयोग नाही, उलट मोटर तापेल. पाच मिनिटं चालवून मोटरवर बोट ठेव, दोन-तीन सेकंदसुद्धा ठेवता येत नसेल तर पिनिअन दोन दातांनी लहान कर. ८० अंशांच्या पुढे सारखी गेली तर रोटरचं चुंबक अशक्त होतं आणि ती मोटर परत पूर्वीसारखी पळत नाही. लायपो सेलमागे ४.२० व्होल्टच्या वर चार्ज करायची नाही, ३.२-३.३ च्या खाली उतरवायची नाही, ईएससीचा कटऑफ लायपोवर लावलाय ना ते बघ, आणि आठवडाभर वापरणार नसशील तर ३.८ वर ठेवून दे. उन्हात उभ्या कारच्या डिकीत कधीच नाही. फुगलेली बॅटरी परत वापरायची नाही, मग ती कितीही महागाची असो.

हे सगळं झाल्यावर, गाडी दोन्हीकडे सारखी वागायला लागली की मग सेटिंगला हात लाव, आणि एका वेळी एकच बदल. डांबरावर राइड हाइट (चेसिस जमिनीपासून किती वर ते) ६ मिलिमीटरच्या आसपास, पुढे-मागे सारखी, तिथून सुरुवात कर. दोन्ही वळणांत मागून सुटतेय असं वाटलं तर मागच्या चाकांना टो-इन वाढव, या गाडीत त्यासाठी वेगळे अपराइट (आर्मच्या टोकाला चाक धरणारे भाग) घ्यावे लागतात. त्यानेही पुरलं नाही तर मागच्या स्प्रिंग एक पायरी मऊ. मला विचारशील तर टो-इन आधी, कारण तो थ्रॉटलला थेट लागू पडतो, स्प्रिंगचा परिणाम रस्त्यावर अवलंबून असतो. मी एका छोट्या वहीत तारीख, रस्त्याचं तापमान, टायर, आणि काय बदललं ते लिहितो, प्रत्येक बदलानंतर दहा-बारा फेऱ्या तरी मारतो कारण पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत टायर थंडच असतात आणि ते आपल्याला फसवतात. आणि बदलून फायदा झाला नाही तर आधीचं परत लावून बघ, खरंच आधीसारखी वागतेय का. हे कंटाळवाणं वाटतं, पण गाडी काय सांगतेय ते ऐकू यायला लागतं ते असंच.

आता या रविवारी एवढं कर: खडूचे दोन गोल मोज, चारही शॉकची लांबी मोज, आणि काचेवर सुरीवाली तपासणी कर. दोन्ही गोलांचे व्यास, शॉकचे चार आकडे, आणि पुढचं कोणतं चाक आधी उचललं ते मला कळव, आणि गाडी नुसती वाहत असताना डावीकडे काय करते तेही सांग. हे आकडे हातात आले की पीळ किती आणि शाफ्ट किती ते वेगळं करता येईल, मग डिफचं ग्रीस किती भरायचं ते बघू.